बरं हाय म्हणणारी माणसं

मला कुणी देवमाणूस म्हटलं की माझं डोकं फिरतं. पेशंट पाया पडायला वाकला की मी मागं सरकते, आणि तरीही कुणी गाठलंच तर तोंड वाकडं करते. माझ्या आईला हे मुळीच पटत नाही. "लोकं मायेनं करून राहिले, तू कामून फणफण करतीस?" असं ती म्हणते. आई कंधारची, तिच्या बोलण्यात गोडवा जन्मजात आहे. मीही कंधारचीच, पण माझ्या वाट्याचा गोडवा बहुधा परीक्षा देता देता संपून गेला. पूर्वी ही चीड नुसती स्वभावाची होती. आता तिला कारण आहे, आणि ते कारण मला निलंगा तालुक्यातल्या एका बाईनं दिलं. तिचे माझ्यावर फार उपकार आहेत.

मी पोटाची डॉक्टर. नांदेडला माझा दवाखाना आहे आणि आठवड्यातून एक दिवस मी लातूरला एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या रुग्णालयात पेशंट बघते. त्यांना मी सर म्हणते. ते शिकताना माझ्याहून बरेच पुढं होते, अजूनही स्वतःला पुढंच समजतात. आम्हा दोघांना एक खोड आहे. सकाळी पेशंट तपासायचे आणि दुपारी, लोक जेवून आडवे होतात त्या वेळेला, संशोधन करायचं. नातेवाईकांना वाटतं, हिची प्रॅक्टिस चालत नसणार, नाहीतर दुपारी दार लावून आकडेमोड कशाला केली असती. मी कुणाला समजावत बसत नाही.

आमचा विषय आतड्याला सूज आणणारा एक हट्टी आजार. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, रक्त पडतं, पुन्हा पुन्हा संडासला धावावं लागतं. औषधानं दबतो, पण जात नाही. माणूस बरा दिसतो, हसतो, लग्नात वाढायला उभा राहतो आणि आत आतडं सोललेलं असतं. आमच्याकडं लोक याला मूळव्याध म्हणतात, नाहीतर रक्ती आव. गावोगाव त्यावर झाडपाला, चूर्ण, ताईत आणि गुदद्वाराला लावायची मलमं चालतात, आणि यात चार वर्षं सहज निघून जातात. पुस्तकांत या आजाराबद्दल पुष्कळ लिहिलेलं आहे, पण ज्यांच्यावरून लिहिलंय ती माणसं आमच्याकडची नव्हेत. त्यांना कंधारच्या फाट्यावर एसटीची वाट बघत, पोट आवळून उभं राहावं लागत नाही.

संशोधनाची कल्पना त्या फाट्यावरूनच आली. आमचे पेशंट दर महिन्याला तपासायला येतात. शेतातला एक दिवस बुडतो, दोन बस बदलाव्या लागतात, आणि वाटेत संडास कुठं मिळेल या भीतीनं बायका आदल्या रात्रीपासून जेवत नाहीत. तर आम्ही ठरवलं, दर महिन्याला आपणच फोन करायचा. किती वेळा जावं लागतं, रक्त पडतं का, पोटात कळ येते का, कामं होतात का, असे ठरलेले प्रश्न विचारायचे. त्याच्या जोडीला मलाची एक तपासणी करायची, जिच्यातून आतली सूज किती ते कळतं, आणि शेवटी दुर्बिणीतून आतडं बघायचं. फोनवरची उत्तरं आणि आतडं यांचा मेळ बसला, तर पुढं कितीतरी माणसांच्या खेपा वाचतील. मला हे उत्तर मनापासून हवं होतं. संशोधन करणाऱ्यानं उत्तराच्या प्रेमात पडू नये असं सर सांगत, पण ते स्वतःही पडलेले होते.

आता ती बाई. पस्तिशीची असेल. निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला तिचं गाव. घरची शेती, सोयाबीन, तूर, थोडा ऊस. घरात नवरा आणि सासू. लातूरला माझ्याकडं पहिल्यांदा आली तेव्हा नवऱ्याच्या खांद्याला धरून चालत होती, चेहरा पिठासारखा पांढरा. मूळव्याधीचे उपचार करून करून थकलेली. दुर्बिणीतून बघितलं, तुकडा तपासायला पाठवला, निदान झालं, औषध सुरू केलं. आणि तिला असा उतार पडला की मलाच नवल वाटलं. महिन्याभरानं ती एकटी आली, एसटीनं, हातात तुरीच्या डाळीची पिशवी घेऊन. "बाई, आमच्या घरापाठीमागच्या शेतातली हाय," म्हणाली आणि वाकली. मी नेहमीप्रमाणं मागं सरकले. ती हसली आणि जमिनीलाच हात लावून तो कपाळाला लावला.

संशोधनाबद्दल तिला मी सगळं नीट सांगितलं. यात भाग घेतला नाही तरी उपचार तसेच चालतील, हेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हंजे तुमच्या कामाला माझा उपेग व्हतोय का?" मी हो म्हटलं. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मी तेव्हा नुसताच बघितला. त्याचा अर्थ लावायला हवा होता असं आता वाटतं, पण तेव्हा बाहेर रांग उभी होती.

फोन सुरू झाले. माझ्या पेशंटांना मी करायची, सरांच्या पेशंटांना सर. दुपारी चहा घेऊन बसायचं आणि एकेकाला लावायचं. काय सांगू, इतकी गोड उत्तरं मी आयुष्यात ऐकली नव्हती. "बरं हाय." "लई आराम हाय." "तुमच्या हाताला गुण हाय, बाई." ती निलंग्याची बाई तर फोन उचलल्याबरोबर आधी माझीच चौकशी करायची. जेवलात का, आई कशी आहे, दगदग करू नगा. मग माझे प्रश्न. रक्त? "न्हाई वो." कळ? "कशाची कळ आलीय." मी खूष होऊन कागदावर खुणा करायची. सरांकडंही तेच. आम्ही दोघं एकमेकांना फोन करून शहाणपणा मिरवत होतो.

मग मलाच्या तपासण्या यायला लागल्या आणि सगळा मेळ विसकटला. फोनवर ठणठणीत असलेल्या माणसांच्या तपासणीत सूज भडकलेली. एखाद-दुसऱ्याची असती तर सोडून दिली असती. सर म्हणाले, नमुने उन्हात राहिले असतील. मी म्हटलं, लातूरचं ऊन एवढं हुशार कसं, जे नेमके खूष आहेत त्यांचेच नमुने खराब करतंय? तासभर वाद झाला. शेवटी सर म्हणाले, "मग पेशंट खोटं बोलतात असं म्हणायचंय का तुला?" मला त्याचा राग आला. वकिलापासून माणूस काही लपवत असेल, पोलिसापासून तर नक्कीच, पण पोटदुखीबद्दल डॉक्टरशी खोटं बोलून कुणाचं काय भलं होणार, असं माझं म्हणणं.  

सगळ्यांत वाईट तपासणी आली ती निलंग्याच्या बाईची. मी तिला लगेच फोन लावला. "बरं हाय, बाई," ती म्हणाली, पण श्वास लागल्यासारखा येत होता. मी म्हटलं, लातूरला या, बघायचंय. तर म्हणे, सोयाबीनच्या राशी चालल्यात, मळणीला माणसं मिळंनात, राशी झाल्या की येते. मी चिडले, तर ती मलाच समजावायला लागली, "नाराज होऊ नगा, म्या खरंच बरी हाय." फोन ठेवल्यावर मला स्वस्थ बसवेना. पुढच्या लातूरच्या दिवशी मी सरांना म्हटलं, तुमची गाडी काढा, निलंग्याला जायचंय. सर कुरकुरले आणि निघाले.

तिच्या गावी पोचलो तेव्हा भर दुपार होती. आम्ही येणार हे नवऱ्याला फोनवर कळवलेलं होतं, आणि तिथंच आमचं चुकलं म्हणा किंवा साधलं म्हणा. डॉक्टर घरी येणार म्हटल्यावर तिनं स्वयंपाक मांडला. दारात पाय टाकतो तो पाण्याचा तांब्या पुढं आला, सतरंजी अंथरलेली, आणि ताटं वाढायला घेतलेली. आधी तपासते म्हटलं, तर नवरा म्हणाला, "जेवल्याबिगर कसं? तिनं सकाळधरनं लावलंय." ती पदर डोक्यावरून घेऊन दाराच्या चौकटीला धरून उभी होती. पांढरी पडली होती, पण हसत होती.

ताटात ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, वरण आणि शेंगदाण्याची चटणी. पहिला घास तोंडात घातला आणि माझे डोळे विस्फारले. भाजीत मीठ इतकं की जीभ आत ओढली गेली. वरणही तसंच. मी सरांकडं बघितलं. सरांना रक्तदाबाचा त्रास, त्यांच्या घरी मीठ मोजून पडतं. त्यांनी एक घास गिळला, पाणी प्यायले, आणि नवऱ्याकडं बघून म्हणाले, "वा, लई छान झालंय."

मीही म्हटलं, छान झालंय. माझ्या म्हणण्याला माझं वेगळं कारण होतं. कंधारकडच्या आमच्या गावात माझ्या आजीच्या लहानपणी तिला अशा घरी पाणीसुद्धा वरून ओंजळीत ओतून मिळायचं. आम्ही कोण हे या घराला ठाऊक होतं, आमच्याकडं आडनावावरून कळायला वेळ लागत नाही. आणि तरी, किंवा त्याचा विचारच न करता, त्या बाईनं मला घरातलं चांगलं ताट दिलं होतं आणि सासू शेजारी बसून वाढत होती. त्या ताटातल्या भाजीला मी नावं ठेवणार नव्हते. मी दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली.

जेवण चालू असताना ती उठून अंगणाच्या कोपऱ्यातल्या संडासाकडं गेली. परत आली, पुन्हा चौकटीला धरून उभी राहिली, वाढते म्हणाली आणि पुन्हा गेली. सासूनं आमच्याकडं ओशाळून बघितलं आणि उगीच काहीतरी करायचं म्हणून भाजीचा थोडा रस्सा हातावर घेऊन चाटला. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अगं बाई! ह्यात मीठ दोनदा पडलंय की! का तीनदा?" तिनं वरण चाखलं आणि कपाळावर हात मारला. तेवढ्यात सून परत आली. सासूनं तिला विचारलं, तर ती गोंधळून म्हणाली, "मधीच जावं लागलं, आत्या. परत आल्यावर टाकलं का न्हाई तेच ध्यानात न्हाई राहिलं." मग ती आमच्याकडं वळली. डोळ्यांत पाणी आलं होतं. "बाई, साहेब, तुमी खाल्लं तरी कसं? आणि वर छान झालंय म्हणलाव?"

 सरांच्या मिशीला वरण लागलेलं होतं. ते पुसत ते म्हणाले, "तुम्ही एवढं आजारी असताना, आमच्यासाठी एवढं राबून केलंत. तोंडावर कसं म्हणायचं, की चांगलं झालं नाही?"

 ती खाली बसली, अगदी माझ्या ताटासमोर, आणि हळूच म्हणाली, "मग माझं बी तसंच हाय, साहेब. बाई माझ्यासाठी एवढं करायल्यात, फोन करून इचारायल्यात, आणि म्या म्हणू का, की तुमच्या दवेला गुण न्हाई?"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. राग आला होता, हे कबूल करते. पण कुणावर धरायचा तेच कळेना. समोर एक बाई रक्त गमावत बसली होती, केवळ मला वाईट वाटू नये म्हणून. माझं संशोधन नीट पार पडावं म्हणून ती मला तब्येत बरी असल्याची भेट देत होती, जशी डाळ देत होती. आणि तिच्यासारखेच आमचे बाकीचे सगळे. इतक्या प्रेमाचं काय करायचं हे मला तेव्हा कळेना, आजही पुरतं कळत नाही.

मी हात धुतला आणि तिची नाडी धरली. धावत होती. डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक. पोटाला हात लावला तर तिनं दात आवळले. "किती वेळा जावं लागतं?" मी विचारलं. तिनं सवयीनं नवऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाली, "मोजत न्हाई, बाई. रातभर तिथंच असते म्हणा." आम्ही तिला तशीच गाडीत घेतली. राशीचं काय, असं ती एकदा म्हणाली. सासूनं तिला गप्प केलं आणि स्वतः शेजारी चढून बसली, मागोमाग नवराही.

लातूरला भरती केलं. नांदेडचा दवाखाना काही दिवस बंद ठेवून मीही लातूरलाच राहिले. आजार आता अशा थराला गेला होता की शिरेतून जोराचं औषध द्यायचं, तीन-चार दिवस बघायचं, आणि सूज हटली नाही तर पुढचं पाऊल उचलायचं. पुढचं पाऊल म्हणजे आणखी एक तगडं औषध, किंवा शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेत मोठं आतडं काढून टाकतात आणि पोटाला पिशवी लावतात. उशीर झाला तर आतडं फुटतं, आणि मग माणूस हाती लागेलच असं नाही. हे सगळं मी तिला आणि नवऱ्याला बसवून सांगितलं. शेवटी म्हटलं, "यात आम्हाला रस्ता दाखवणार तुम्ही. रोज सकाळी मी विचारीन. जे असेल ते सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून एक शब्द बोललात तर तुमचा जीव जाईल." माझा आवाज चढला होता. तिनं मान हलवली.

पहिल्या सकाळी ती म्हणाली, "जरा बरं..." आणि थांबली. "न्हाई, बाई. हाय तसंच हाय." दुसऱ्या सकाळी म्हणाली, जरा कमी. नाडीही थोडी उतरली होती, तपासण्या जरा सुधारलेल्या. सर आनंदले. मीही. आपलं औषध लागू पडतंय असं वाटलं की डॉक्टरच्या अंगात काय संचारतं ते डॉक्टरलाच माहीत. आणखी दोन दिवस हेच चालू ठेवू, असं आमचं बोलणं झालं.

तिसऱ्या, म्हणजे ठरवायच्या सकाळी आम्ही तिच्या खाटेपाशी गेलो तेव्हा सोबत सर्जनही होते. तिनं त्यांच्याकडं एकदाच बघितलं. ते कोण आणि कशासाठी आलेत हे तिला बरोबर कळलं. सासू पायथ्याशी बसून तिचे पाय चेपत होती. मी विचारलं, "कसं आहे?"

आता तिच्यापुढं दोन भीती होत्या. एक माझी, म्हणजे मला वाईट वाटण्याची. आणि दुसरी त्या माणसाची, जो तिचं आतडं काढू शकत होता. वाईट आहे म्हणावं, तर पोट कापतील. पोटाला पिशवी घेऊन शेतात कशी वाकणार, गावात चार बायकांत कशी बसणार, हे तिनं आदल्या दिवशी सासूला विचारलेलं मी ऐकलं होतं. बरं आहे म्हणाली असती तर आम्ही तिघंही विश्वास ठेवायला तयार होतो, कारण कागद जरा बरे दिसत होते आणि विश्वास ठेवणं सोयीचं होतं. तिनं पांघरुणाची कड मुठीत धरली.   तो क्षण तिचा होता.

मग तिनं सरळ माझ्याकडं बघितलं. "फरक न्हाई, बाई. पहाटंपास्नं परत चालू झालंय, आणि आता नुसतं रगत हाय. तुमच्या दवेनं फरक न्हाई." आणि लगेच, एखादा अपराध केल्यासारखं, "माफी करा."

 डॉक्टर होऊन इतकी वर्षं झाली, पण माझा उपचार लागू पडला नाही असं कुणी माझ्या तोंडावर म्हटलं नव्हतं. मरताना माणसं माझे आभार मानून गेली होती. मी तिचा हात धरला, आणि आमच्याकडं सहसा कुठला डॉक्टर पेशंटला म्हणत नाही ते म्हटलं. म्हटलं, तुमचे लई उपकार झाले. सर्जननी आमच्याकडं चमत्कारिक नजरेनं बघितलं. सर खिडकीकडं तोंड करून चष्मा पुसत होते.

त्याच दिवशी, दुपार व्हायच्या आत, आम्ही दुसरं तगडं औषध सुरू केलं. सर्जनना तयारीत राहायला सांगितलं. दोन दिवस थांबायचं जे ठरलं होतं, ते थांबलो असतो तर आतडं राहिलं नसतं, आणि कदाचित तीही. हे सरांनी नंतर मला सांगितलं, तेही जेवताना, मीठ नसलेली भाजी ढवळत. औषधानं काम केलं. रक्त आधी कमी झालं, मग थांबलं. रोज सकाळी ती मला खरं सांगत होती आणि मी रोज सकाळी, वाईट असो की बरं, ऐकून घेऊन तिचे आभार मानत होते. सासूला त्याची गंमत वाटायची. "ह्या बाई लईच येगळ्या हायत," ती शेजारच्या खाटेवाल्या बाईला सांगायची.

काही महिन्यांनी दुर्बिणीतून बघितलं तेव्हा तिच्या आतड्याला आतून नवं गुलाबी अस्तर आलं होतं. मी पडद्याकडं बघतच राहिले. सर मागून म्हणाले, "आपला निष्कर्ष मात्र गेला."

गेलाच होता. फोनवर विचारून आतडं कळत नाही, निदान आम्ही विचारत होतो तसं विचारून तर नाहीच. आम्ही तसंच लिहून पाठवलं. ज्या नियतकालिकाकडं पाठवलं त्यांनी छापील फॉर्मवर विचारलं, रुग्ण खरी माहिती का देत नसावेत? उत्तराच्या चौकोनात चार ओळींची जागा होती. "रुग्णांना डॉक्टरांविषयी फार आदर आहे," एवढंच आम्ही लिहिलं. निलंग्याची ती दुपार चार ओळींत बसण्यासारखी नव्हती.

पण काम थांबलं नाही. आता माझ्या पेशंटांना सर फोन करतात आणि सरांच्या पेशंटांना मी. आपल्या डॉक्टरचं मन मोडायला लागत नाही, म्हणून माणसं जरा मोकळी बोलतात. मी सुरुवातीलाच सांगते, आजची तक्रार सांगा, कौतुक साहेबांना भेटून करा. पहिल्यांदा लोक बिचकतात. मग एकेक निघायला लागतं. कंधारकडचे एक म्हातारे गृहस्थ, जे सरांना कायम ठणठणीत असल्याचं सांगत आले होते, त्यांनी मला इतकी तक्रार सांगितली की माझा चहा गार झाला. अशा दुपारी मी किती श्रीमंत असते ते माझ्या नातेवाईकांना कधी कळणार नाही. आपल्या पोटातलं, लाजेचं, कुणालाच न सांगितलेलं ही माणसं उठून मला सांगतात, आणि त्यातून पुढच्या कुणाला तरी वाट मिळेल म्हणून पुन्हा पुन्हा सांगतात. आमच्या संशोधनात माझं म्हणण्यासारखं जे आहे ते एवढंच, की मी विचारलं. बाकी सगळं त्यांचं आहे.

परवाची गोष्ट. लातूरच्या ओपीडीत शिरूर अनंतपाळची एक मुलगी आली होती, कॉलेजात शिकणारी, सोबत वडील. औषध सुरू करून थोडे दिवस झाले होते. निलंग्याची बाई तपासून झाली होती आणि बाजूच्या बाकावर बसून पिशवीत गोळ्या नीट लावत होती. मी मुलीला विचारलं, कसं आहे. तिनं वडिलांकडं बघितलं. "बरं हाय, मॅडम." मी पुन्हा विचारलं. "बरं हाय." वडील कौतुकानं हसले, म्हणाले, "तुमच्या हाताला..."

"ए लेकरा," बाकावरून आवाज आला. "बाईंच्या तोंडाकडं बघून बोलू नगंस. बरं हाय, बरं हाय म्हणत म्या मरायले होते."

वडिलांचं हसू गेलं. मुलीची मान खाली गेली. मी वडिलांना जरा बाहेर थांबायला सांगितलं, आणि ते गेले. बाईही उठून जायला निघाली, तर मुलीनं तिचा पदर धरला आणि सोडला नाही. ती पुन्हा बसली.  मग मुलगी म्हणाली, "रोज रगत पडतंय. घरी कुणालाच म्हाईत न्हाई."